राउटर रीसेट झाला, सेटिंग गेली कुठे?

जून-जुलै म्हणजे अकरावीच्या, डिप्लोमाच्या ऑनलाइन प्रवेशाचे दिवस, आणि नेमके हेच दिवस लाइट येण्या-जाण्याचे. लाइट गेली, परत आली, इंटरनेट मात्र आलं नाही, की घरातला एखादा उत्साही माणूस राउटर उलटा करतो, मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालतो आणि दाबून धरतो. दहा सेकंदांनी सगळे दिवे एकदम लागतात आणि विझतात. त्याला वाटतं, राउटर रीस्टार्ट झाला. प्रत्यक्षात राउटरमध्ये भरलेली सगळी माहिती त्याने पुसून टाकलेली असते. वाय-फायचं नाव बदललेलं, पासवर्ड चालत नाही, टीव्ही जोडला जात नाही, दुकानाचा कॅमेरा मोबाइलवर दिसत नाही, आणि फॉर्मची शेवटची तारीख आजचीच. केबलवाल्याला फोन लावला तर तो म्हणतो, "उद्या माणूस पाठवतो."

यावर एक सोपा उपाय प्रत्येक घरात पडून आहे. जवळजवळ सगळ्या राउटरमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' नावाची सोय असते. आज सगळं नीट चालू असताना त्या सेटिंगची एक छोटी फाइल काढून ठेवायची, आणि उद्या काही बिघडलं तर तीच फाइल परत चढवायची. काम पाच मिनिटांचं आहे. तरी ते फार कमी घरांत होतं, कारण राउटर नवा लावून देणारा माणूस हे सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आधी रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करणं. यात काहीही पुसलं जात नाही, आणि राउटरच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. रीसेट म्हणजे ते बारीक भोक, किंवा काही मॉडेलवर वेगळं छोटं बटण, पाच-दहा सेकंद दाबून धरणं. यात राउटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा होतो. पाठीवरच्या स्टिकरवर छापलेलं नाव आणि पासवर्ड तेवढे उरतात. काही राउटरवर एकच बटण दोन कामांना असतं, थोडं दाबलं तर एक काम आणि जास्त दाबलं तर दुसरं. म्हणून घरातल्या मुलांना साफ सांगून ठेवा की भोकात पिन घालायची नाही.

राउटरच्या पोटात नेमकं काय साठवलेलं असतं? वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर सगळ्यांना माहीत असतो. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंटरनेटच्या कनेक्शनची ओळख. लहान शहरांत, कसब्यांत केबलवाल्याकडून जे कनेक्शन मिळतं ते बहुधा 'पीपीपीओई' पद्धतीचं असतं. राउटर चालू झाला की तो स्वतःच एक युजरनेम आणि एक पासवर्ड कंपनीच्या यंत्राला सांगतो, तिकडून परवानगी येते आणि मग नेट सुरू होतं. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगवेगळे आहेत. वाय-फायचा आपण ठेवतो, हा कंपनीने दिलेला असतो. पहिल्या दिवशी टेक्निशियनने तो भरला आणि तो गेला, घरात कुणालाच तो ठाऊक नसतो. रीसेटमध्ये तोच पुसला जातो. कधी त्याच्यासोबत 'व्हीलॅन आयडी' नावाचा एक आकडाही असतो, तो चुकला तरी नेट येत नाही. काही ऑपरेटर तर तुमच्या राउटरचा 'मॅक' नंबर, म्हणजे यंत्राचा जन्मापासूनचा क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि दुसरा राउटर लावला की नेट देतच नाहीत. तेव्हा एक फोन करून नवा नंबर नोंदवावा लागतो.

मोठ्या कंपन्यांच्या फायबर डब्यांत गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे कंपनी लांबूनच डब्यात सेटिंग भरू शकते. 'टीआर-०६९' नावाचं यासाठीचं मानक २००४ मध्ये आलं. अशा डब्यात रीसेटनंतर इंटरनेट बहुधा आपोआप परत येतं, पण तुम्ही ठेवलेलं नाव, तुम्ही घातलेले नियम परत येतीलच असं नाही.

आता हे 'नियम' म्हणजे काय, यावर थोडं थांबतो, कारण माझ्या मते घरांसाठी खरी जोखीम इथे आहे. नेट बंद पडलं तर सगळ्या घराला कळतं. पण नेट चालू असूनही एखादी गोष्ट गुपचूप निघून गेली तर कुणाला कळत नाही. आजकाल बरेच पालक मुलांसाठी राउटरमध्ये काही बंदोबस्त करतात. रात्री दहानंतर मुलांच्या मोबाइलचं नेट बंद, पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वाय-फाय, आणि अश्लील साइट उघडू नयेत म्हणून डीएनएस बदललेला. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सोय. क्लाउडफ्लेअर या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी एक मोफत डीएनएस सुरू केला. १.१.१.३ आणि १.०.०.३ हे दोन आकडे राउटरमध्ये भरले की व्हायरसवाल्या आणि प्रौढांसाठीच्या बहुतेक साइट घरातल्या सगळ्या यंत्रांवर अडवल्या जातात. पूर्ण भिंत नाही ही, मोबाइल डेटा चालू केला की ती संपली, पण लहान मुलांच्या घरात तिचा उपयोग होतो. राउटर रीसेट झाला, ऑपरेटरच्या माणसाने येऊन नेट चालू करून दिलं, सगळे खूश. तो डीएनएस मात्र आता तिथे नसतो. रात्री दहाची वेळ नसते. राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड कधी कधी पुन्हा 'अ‍ॅडमिन' होऊन बसलेला असतो. अब्बा-अम्मी समजतात बंदोबस्त चालू आहे, आणि तो महिन्यापूर्वीच संपलेला असतो. बॅकअप फाइलचा सर्वांत मोठा फायदा मला हाच वाटतो की जे नियम आपल्याला आठवतही नाहीत ते ती परत आणते.

फाइल कशी काढायची?

मोबाइल किंवा लॅपटॉप त्याच वाय-फायला जोडलेला हवा. लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण फाइल कुठे उतरली ते त्यात पटकन सापडतं. ब्राउझर उघडा आणि वर पत्त्याच्या जागी राउटरच्या स्टिकरवरचा आकडा टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). लॉगिनचा पासवर्ड विचारेल, तो वाय-फायचा नव्हे, राउटरचा. आत गेल्यावर 'सिस्टिम टूल्स', 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', 'मेंटेनन्स', 'मॅनेजमेंट' असं काहीतरी सापडेल, कंपनीगणिक नाव वेगळं. त्यात 'बॅकअप अँड रिस्टोअर'. बॅकअपचं बटण दाबलं की एक लहानशी फाइल उतरते, नाव बहुधा 'कॉन्फिग' आणि शेवटी 'बिन' किंवा 'सीएफजी'. राउटरच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये अनेकदा ही सोय नसते, म्हणून ब्राउझरनेच जा.

उतरलेल्या फाइलचं नाव लगेच बदला. घर की दुकान, राउटरचं मॉडेल, आणि तारीख, एवढं नावात आलं पाहिजे. 'कॉन्फिग', 'कॉन्फिग (१)', 'कॉन्फिग (२)' अशा तीन फाइली दोन वर्षांनी समोर आल्या तर कुठली घ्यायची ते कुणीच सांगू शकणार नाही. फाइल किती केबीची आहे तेही बघा. शून्य दाखवत असेल तर ती उतरलेलीच नाही. मग ती दोन ठिकाणी ठेवा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवर. फक्त क्लाउडवर ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की फाइल लागते तेव्हा घरात नेट नसतं. मोबाइल डेटावर ती मिळेल, पण रेंज नसलेल्या गावात रात्री अकराला ती शोधत बसण्यात मजा नाही.

ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मोहल्ल्याच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. उघडली तर आत अगम्य अक्षरं दिसतात, म्हणून लोकांना ती सुरक्षित वाटते. तसं नाही. 'राउटर पास व्ह्यू' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. अनेक मॉडेलांच्या बॅकअप फाइलमधून तो वाय-फायचा, कनेक्शनचा आणि लॉगिनचा पासवर्ड सरळ वाचून दाखवतो. विसरलेला पासवर्ड शोधण्यासाठी तो बनवला आहे, पण फाइल दुसऱ्याच्या हाती लागली तर तोच प्रोग्रॅम तिथेही चालतो. काही राउटर फाइल काढताना वेगळा पासवर्ड घालू देतात. तशी सोय दिसली तर जरूर घाला आणि तो वहीत लिहून ठेवा.

परत चढवताना

रीसेटनंतर राउटर स्टिकरवरच्या नावाने वाय-फाय देऊ लागतो. शक्य असेल तर वाय-फायऐवजी लॅन केबलने लॅपटॉप जोडा, मध्येच तुटण्याची भीती नसते. लॉगिन उघडलं की नवा पासवर्ड ठेवायला सांगेल, काहीतरी ठेवा, तो थोड्याच वेळाचा आहे. 'क्विक सेटअप' समोर आला तर तो वगळा. त्याच 'बॅकअप अँड रिस्टोअर' पानावर जाऊन फाइल निवडा आणि रिस्टोअर दाबा. राउटर एक-दोन मिनिटं घेतो, स्वतः बंद होऊन चालू होतो. या दोन मिनिटांत वीज जाता कामा नये. लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर लावा किंवा थांबा.

यानंतर सगळं जुनं परत येतं, आणि 'सगळं' यात लॉगिनचा जुना पासवर्डही आला. इथे लोक हमखास अडकतात. समजा लॉगिनचा पासवर्ड विसरला म्हणूनच तुम्ही राउटर रीसेट केला होता. आता जुनी फाइल चढवली की तोच विसरलेला पासवर्ड पुन्हा लागू होतो आणि तुम्ही पुन्हा बाहेर. अशा वेळी फाइलचा उपयोग नाही, सेटिंग हातानेच भरावी लागते आणि मग नवी फाइल काढावी लागते.

दुसरी अडचण मॉडेलची. एका मॉडेलची फाइल दुसऱ्या मॉडेलवर चढत नाही. नाव तेच असलं तरी स्टिकरवर 'व्ही १', 'व्ही २' असा हार्डवेअरचा फरक असतो, तिथेही ती नाकारली जाऊ शकते. राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, अपडेट केल्यावर जुनी फाइल कधी चालते कधी नाही. म्हणून अपडेटच्या आधी एक फाइल काढायची आणि सगळं नीट चाललं की नंतर एक. आणि विजेच्या कडकडाटात राउटर जळालाच, नवीन वेगळ्या कंपनीचा आणला, तर फाइल निरुपयोगी. तेव्हा कामी येतो तो कागद.

एका साध्या कागदावर कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड, डीएनएसचे आकडे, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला किंवा प्रिंटरला दिलेला ठरावीक पत्ता, आणि ऑपरेटरचा ग्राहक क्रमांक लिहा. कनेक्शनचा पासवर्ड माहीत नसेल तर आजच ऑपरेटरला विचारा. तुमचं कनेक्शन आहे, मागायला लाजू नका. कागद वीज बिलांच्या फायलीत घाला. नव्या राउटरला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड अक्षरशः जुनाच दिला, लहान-मोठी अक्षरंसुद्धा तीच, की मोबाइल, टीव्ही, कॅमेरे बहुधा न विचारता आपोआप जोडले जातात. दहा यंत्रांत पुन्हा पासवर्ड भरत बसावं लागत नाही.

बॅकअप कधीचा आहे यालाही महत्त्व आहे. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या व्हायरसने ५४ देशांतले किमान पाच लाख राउटर आणि तत्सम यंत्रं पकडल्याचं सिस्कोच्या टॅलोस या संशोधक गटाने जाहीर केलं. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं. पण हा व्हायरस असा होता की रीस्टार्टने त्याचे पुढचे भाग जात, पहिला भाग मात्र आत टिकून राहत असे. तो काढायला पूर्ण रीसेटच लागत होता. अशा वेळी ज्याच्याकडे फाइल किंवा कागद आहे तो बिनधास्त रीसेट करतो, ज्याच्याकडे नाही तो टाळत राहतो. मात्र फाइल निरोगी दिवसांतली हवी. कुणीतरी राउटरमध्ये शिरून डीएनएस बदलला असेल आणि त्यानंतर तुम्ही बॅकअप घेतला असेल, तर परत चढवताना तो खोटा डीएनएसही परत येईल. शंका असेल तर रिस्टोअर झाल्यावर डीएनएसचे आकडे कागदाशी ताडून बघा आणि लॉगिनचा पासवर्ड लगेच बदला.

शाळा, संस्था, कार्यालय

घरच्या राउटरमध्ये 'सेव्ह' दाबलं की सेटिंग कायम होते. शाळेच्या संगणक कक्षात, दवाखान्यात, संस्थेच्या कार्यालयात जे मोठे स्विच आणि राउटर असतात त्यांतल्या अनेकांचं तसं नसतं. सिस्कोच्या यंत्रात सेटिंगच्या दोन प्रती असतात. एक 'रनिंग-कॉन्फिग', जी आत्ता चालू आहे, आणि दुसरी 'स्टार्टअप-कॉन्फिग', जी यंत्र चालू होताना वाचतं. मुलांना मी हे फळा आणि वही म्हणून सांगतो. फळ्यावर लिहिलेलं वर्गभर दिसतं, त्यावरच वर्ग चालतो, पण कुणी ते वहीत उतरवलं नाही तर संध्याकाळी फळा पुसला की संपलं. टेक्निशियन बदल करतो, बदल लगेच लागू होतो, सगळे चहा पितात, तो निघून जातो. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही एक ओळ द्यायची राहिलेली असते. तीन महिने काही होत नाही. मग एका रात्री लाइट जाते आणि सकाळी संगणक कक्ष तीन महिने मागे गेलेला असतो. म्हणून काम संपल्यावर त्याच्यासमोरच यंत्र एकदा बंद-चालू करून बघा. त्याला राग आला तरी चालेल.

केबल ऑपरेटरांकडे सर्रास दिसणाऱ्या मायक्रोटिकच्या यंत्रात उलट, बदल आपोआप टिकतो, पण बॅकअप दोन प्रकारचे आहेत. 'बॅकअप' फाइल त्याच यंत्रासाठी असते. तिच्यात यंत्राचे मॅक नंबरसुद्धा येतात, म्हणून ती दुसऱ्या यंत्रावर चढवली तर गोंधळ होऊ शकतो. दुसरा प्रकार 'एक्स्पोर्ट', म्हणजे साध्या मजकुराची फाइल. माणूस ती वाचू शकतो आणि नव्या यंत्रात हव्या त्या ओळी भरू शकतो. सातव्या आवृत्तीपासून या मजकुरात पासवर्ड मुद्दाम सांगितल्याशिवाय येत नाहीत, हे माहीत नसेल तर ऐनवेळी पासवर्डच्या जागा रिकाम्या सापडतात. दोन्ही फाइली काढून यंत्राबाहेर ठेवायच्या. यंत्राच्या आतच ठेवलेला बॅकअप यंत्रासोबत जळतो.

लांबून सेटिंग बदलणाऱ्याची वेगळीच पंचाईत असते. एक चुकीची ओळ गेली की त्याचा स्वतःचाच रस्ता बंद. म्हणून मायक्रोटिकमध्ये 'सेफ मोड' आहे, संपर्क तुटला की त्या वेळचे बदल आपोआप मागे जातात. सिस्कोवर जाणकार माणूस आधी 'रीलोड इन १०' देतो. दहा मिनिटांत त्याने रद्द केलं नाही तर यंत्र रीस्टार्ट होऊन जुन्या वहीवर परत येतं. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते का? नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं बंद पडलं आणि सहा तासांच्या आसपास बंदच राहिलं. सौदी-दुबईहून घरी येणारे व्हिडिओ कॉल त्या रात्री आले नाहीत. कारण होतं फेसबुकच्या स्वतःच्या नेटवर्कवर दुरुस्तीच्या कामात दिलेली एक आज्ञा. लांबून दुरुस्त करण्याचे रस्तेही त्याच नेटवर्कवर होते, म्हणून इंजिनीअरना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

मोठ्या इमारतीत छतावर चार-पाच पांढरे गोल वाय-फाय डबे लावतात. युनिफाय, ओमाडा अशी नावं असतात. त्यांची सेटिंग त्या डब्यांत कमी आणि 'कंट्रोलर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त असते. हा कंट्रोलर कुणाच्या संगणकावर आहे, हा प्रश्न संस्थाचालकांनी पहिल्याच दिवशी विचारला पाहिजे. अनेकदा तो काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॅपटॉपवर असतो. तो माणूस गाव सोडून गेला, त्याचा लॅपटॉप बिघडला, की संस्थेच्या हाती चालू डबे असतात पण त्यांची चावी नसते. मग शिडी लावून एकेक डबा रीसेट करून सगळं पहिल्यापासून. पैसे संस्थेचे, चंदा लोकांचा, मग सेटिंगही संस्थेच्या ताब्यात हवी. बिल चुकतं करण्याआधी कंट्रोलरची बॅकअप फाइल, लॉगिनचं नाव-पासवर्ड आणि कुठला डबा कुठे आहे त्याचा कागद लेखी मागून घ्या.

जुना राउटर भंगारात देताना किंवा विकताना मात्र तीच सेफ्टी पिन वापरायची. ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी वापरलेले १८ राउटर बाजारातून विकत घेतले होते, कंपन्यांनी टाकून दिलेले. त्यांतल्या नऊ यंत्रांत आधीच्या मालकांची सेटिंग तशीच होती, पासवर्ड आणि नेटवर्कच्या गुप्त चाव्यांसकट. घरच्या राउटरमध्ये एवढं काही नसलं तरी तुमचं कनेक्शनचं नाव-पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड असतो, आणि नव्या राउटरला आपण तोच ठेवलेला असतो. आधी फाइल काढा, मग वीज जोडलेली असताना पिनने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवे लुकलुकू द्या, वाय-फायच्या यादीत स्टिकरवरचं नाव परत दिसतंय ना ते बघा, आणि मगच भंगारवाल्याच्या हातात द्या.